डेन्मार्कला पाठवलेली म्हैस

आम्ही नववीत असताना इंग्रजीच्या बाईंनी परदेशातल्या मुलींचे पत्ते आणले. पत्रमैत्रीण हवी असेल तिनं एक चिठ्ठी उचलायची. सत्तरच्या दशकातलं कोल्हापूर ते. परदेश म्हणजे आम्हाला मुंबईच्याही पलीकडचं काहीतरी. माझ्या वाट्याला डेन्मार्क आलं. नकाशात ते इतकं छोटं निघालं की मी थोडी हिरमुसलेच.

पहिल्या पत्राचा विषय बाईंनीच दिला, 'माझं कुटुंब'. इथंच माझी पंचाईत झाली. मी पाच वर्षांची असताना वडिलांनी मिरजेला दुसरं घर केलं होतं, आणि आई मला घेऊन माहेरच्या गल्लीत येऊन राहिली होती. शेजारच्या खोलीत मामा. आईच्या तीन म्हशी होत्या. रोज सकाळ-संध्याकाळ त्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेऊन ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची. कोल्हापूरकराला दूध असंच लागतं, समोर काढलेलं, फेसासकट. कट्ट्यावर सगळे पुरुष, बाई एकटी माझी आई. तिच्यासारखी धार कुणाला काढता येत नाही, हे दूध प्यायला येणारे पैलवानही कबूल करायचे.

यातलं एक अक्षर मी लिहिलं नाही. वडील बँकेत साहेब आहेत, आई घरी असते, छान स्वयंपाक करते, दारात गुलाबाची बाग आहे, असं लिहिलं. दारात शेणाचा ढीग होता. बाईंनी दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं आणि पत्र गेलं. खोटं लिहिल्याचं मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. निदान एका देशात तरी माझं घर ठाकठीक होतं.

दीड महिन्यानं निळ्या पातळ कागदावर त्या मुलीचं उत्तर आलं. तिचे वडील कामासाठी सारखे प्रवासात असतात, असं तिनं लिहिलं होतं. आणि शेवटी, आईवडिलांसोबतचा तुझा फोटो पाठव.

झालं! चार दिवस मला घास गोड लागेना. मग मामा आठवला. मामा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता, अंगानं दांडगा आणि आवाजानं त्याहून दांडगा. त्याच्याकडे लग्नातला एक कोट होता. कोट घालून आईशेजारी उभा राहिला की डेन्मार्कला काय कळतंय, असं माझं डोकं चाललं. संध्याकाळी त्याला कट्ट्यावर गाठून मी हळूच कानात सांगितलं. हळू बोलणं मामाला ठाऊकच नव्हतं.

"आक्का, ऐकलंस का?" तो तिथूनच आईला ओरडला. "ही पोरगी मला कोट घालून तिचा बा कराय लागलीया की! फोटो डेन्मार्कला धाडणार हाय म्हणं!"

सगळा कट्टा खो खो हसला. आई हसली नाही. तिनं धार पुरी केली, गिऱ्हाइकाचा पेला भरून दिला आणि म्हशी घेऊन घराकडं निघाली. मी मान खाली घालून मागोमाग.

म्हशी दावणीला बांधून झाल्यावर ती म्हणाली, "काय लिवलंयस त्ये वाच."

मी वहीतला कच्चा मजकूर काढला आणि मराठी करून सांगत गेले. बँकेतल्या साहेबाचं ऐकताना ती म्हशींना वैरण टाकत राहिली. बागेचं ऐकताना शेण सारत राहिली.

"आणि माझं?"

"तू घरात असतीस. सैपाक करतीस."

"धार काढती, त्ये?"

"न्हाई लिवलं."

ती माझ्यासमोर येऊन बसली. "त्याचं तू काय बी लिव. साहेब कर न्हाईतर राजा कर. त्यो न्हवताच कवा. पर मी हाय की! मला कशापायी पुसलंस?"

आईला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ती रडली नाही. मीच रडले. नऊ वर्षं मला वडिलांची लाज वाटत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा माझी स्वतःची वाटली.

फोटो निघाला तो दिवाळीत. पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा थाट बघावा. आमच्या थोरल्या म्हशीची शिंगं रंगवली होती, डोक्याला मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. आईनं फोटोग्राफरला गल्लीतच बोलावलं. मामानं कोट चढवला, पण मामा म्हणूनच. आई कट्ट्यावर असताना मला खाऊ घालणारी, वेणी घालणारी शेजारची काकी पातळ बदलून आली. तिच्यामागून अर्धी गल्ली आली.

"पोरीचं वडील येणार असतील न्हवं?" फोटोग्राफर म्हणाला. "मधी जागा सोडतो."

सगळ्यांनी आईकडं बघितलं.

"तिथं म्हस उभी ऱ्हाईल," आई म्हणाली.

आणि राहिली. मामाचं हसू थांबेना म्हणून फोटो तीनदा काढावा लागला. त्यात आई अशी ताठ उभी आहे की कुणालाही वाटावं, म्हशीबरोबर सगळं कोल्हापूर तिच्याच मालकीचं.

मग फोटोबरोबर पाठवायला मी दुसरं पत्र लिहिलं. पहिलं सगळं खोटं होतं, माझी आई म्हशी पाळते आणि भर चौकात दूध काढते, आमच्या तीन म्हशी आहेत. ते आईला वाचून दाखवलं.

"रेडकू बी धर," ती म्हणाली. मी धरलं.

बाईंनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "यात सुधारण्यासारखं काही नाही." खरं तर व्याकरणाच्या तीन चुका होत्या, मला आज आठवतात.

या वेळी उत्तराला फार दिवस लागले. ते हातात घेऊन मी तशीच कट्ट्यावर गेले. आई धारेला बसली होती. तिच्याशेजारी उकिडवी बसून मी सांगू लागले. त्या मुलीनंही आधी खोटंच लिहिलं होतं, तिचे वडील प्रवासात नव्हते. दुसरीकडं राहत होते. तिची आई दिवसभर कामाला. तिनं विचारलं होतं, माझ्या घराचं दार शाळेतून आल्यावर मीच उघडते, तुझं कोण उघडतं?

"उघडतं म्हंजे? दार लावतंय कोण?" आई म्हणाली.

आमच्या गल्लीत दिवसा दार लावायची पद्धतच नव्हती. मग मी नीट समजावलं. आई कामावरून येईपर्यंत त्या घरात दुसरं कुणी नसतं. काकी नाही, मामा नाही.

आईचा हात थांबला. धारेला बसल्यावर ती मध्ये कधी थांबत नसे. थांबलं की म्हैस पान्हा चोरते. पुढं पेला घेऊन उभा असलेला माणूसही चुळबुळ करायला लागला.

"एकटीच असती व्हय गं?" ती म्हणाली. "लिव तिला, सुट्टीला हिकडं ये म्हणावं. मी हाय की."