लिफ्टमास्तर आणि लांब मानेचं बदक

लिफ्टमास्तर लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि त्या कामात त्यांच्याइतका सावध माणूस शोधून सापडला नसता. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये सातवा घुसला, की मग तो इमारतीचा मालक का असेना, मास्तर त्याला दंडाला धरून बाहेर काढत. पाटीवर लिहिलंय त्यावर एक किलो नाही, हा त्यांचा बाणा. हाच माणूस घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसला की त्याच्या अंगात काय संचारायचं, कुणास ठाऊक.

कॉम्प्युटर काम करताना ज्या तात्पुरत्या वहीत सगळं टिपून ठेवतो, ती रॅम. मास्तरांच्या रॅमवर बत्तीसशेचा वेग छापला होता. मास्तरांचं म्हणणं, छापलेला वेग घाबरटांसाठी असतो. मशीन सुरू होताना एक बटण दाबायचं, सेटिंगच्या पानावर जायचं आणि आकडा वाढवायचा. मशीन कुरकुरलं तर चिमूटभर व्होल्टेज जास्त. चिमूटभर हा त्यांचाच शब्द, भाजीत मीठ घालावं तसा. असं करत करत स्वारी चौतीसशेवर पोचली होती, आणि हे भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. कुणी विचारलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

त्याच कॉम्प्युटरवर त्यांची बायको स्वेटरचे नमुने काढायची. पडद्यावर चौकोन रंगवायचे, की प्रोग्रॅम विणणाऱ्यासाठी ओळीनं सूचना लिहून द्यायचा. लोकरीच्या दुकानातल्या बाईंनी तिला सांगितलं होतं, लहान मुलाचा एक स्वेटर शनिवारी विणून आणा. पसंत पडला तर वर्षभर दर महिन्याला एक नमुना तुमचा, खाली तुमच्या नावासकट. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिचं नाव लाइटबिलावरसुद्धा छापून आलं नव्हतं. तेव्हा तिनं नवऱ्याला बजावलं, शनिवारपर्यंत कॉम्प्युटरच्या पोटात हात घालायचा नाही. मास्तरांनी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

शपथ पाच दिवस टिकली. सहाव्या दिवशी, रविवारी, बायको आंघोळीला गेली आणि मास्तरांचे हात शिवशिवले. आकडा थेट सदतीसशे तेहतीस. रॅमची परीक्षा घेणारा एक प्रोग्रॅम असतो, तो तासन्‌तास चालवावा असं जाणकार सांगतात. मास्तरांनी तो वीस मिनिटं चालवला, कारण तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. वीस मिनिटांत एकही चूक नाही म्हणजे पास, असा निकाल त्यांनी स्वतःच लावला आणि पेपर वाचत बसले. बायकोनं बदकाच्या चित्रावर शेवटचा हात फिरवला, सूचनांचा कागद छापला आणि विणायला ताईंकडे पाठवून दिला.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तिनं पस्तीस वर्षं औषधांच्या दुकानात नोकरी केली होती. कागदावर असेल ते द्यायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. सुईवर तिचा हात असा चाले, की बघणाऱ्याला गरगरावं.

गुरुवारी मास्तरांना सुट्टी होती. सकाळीच ताई स्वेटर घेऊन आली आणि तिनं तो टेबलावर पसरला. पाठ ठीक होती, बाह्याही ठीक. पुढचा भाग मात्र पाठीपेक्षा जवळजवळ वीतभर लांब, आणि त्या सगळ्या लांबीभर बदकाची मान. वर चढतेय, चढतेय, आणि पार गळ्याशी एवढंसं डोकं, वाट चुकल्यासारखं.

बायकोनं हळूच विचारलं, ताई, हे काय केलंत? ताईनं पिशवीतून कागद काढून बोट ठेवलं. ही ओळ छत्तीस वेळा विणा, असं स्वच्छ छापलं होतं. बायको म्हणाली, मी चारच ओळी रंगवल्या होत्या, आणि एवढी मान बघून तुम्हाला शंका नाही आली? ताई म्हणाली, मला वाटलं हल्लीची फॅशन असेल. मग शब्दाला शब्द वाढला. ताईच्या मते भावजयीनं घाईत चुकीचं रंगवलं. भावजयीच्या मते ताईंनी डोकं गहाण ठेवून विणलं. शेवटी बायको नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही सांगा. कॉम्प्युटर चुकतो का कधी?"

हे वाक्य मास्तरांनीच घरात हजारदा ऐकवलं होतं: कॉम्प्युटर चुकत नाही, माणूस चुकतो. ते उठले आणि त्यांनी तो परीक्षेचा प्रोग्रॅम पुन्हा लावला. शेजारी तापलेली इस्त्री, वरून ऊन, खोली तापलेली. तेविसाव्या मिनिटाला पडद्यावर लाल अक्षरांत तीन चुका उमटल्या. दोघी त्यांच्या पाठीशी उभ्या होत्या, पण लाल अक्षरांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. मूग गिळून बसले असते तर खपून गेलं असतं. ताई एक वर्ष बोलली नसती, बायको स्वतःलाच दोष देत बसली असती, आणि मास्तर सहीसलामत सुटले असते. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू?

"चूक हिची नाही आणि तुझीही नाही, ताई," ते म्हणाले. "मी रविवारी वेग वाढवला. चाराचे छत्तीस रॅमनं केले."

बायकोनं विचारलं, "किती वेळ वाचला?"

"नमुन्याचा प्रोग्रॅम नऊ सेकंदांत उघडायचा. आता सातात उघडतो."

ताईला तो स्वेटर विणायला चार दिवस लागले होते. तिनं चष्मा पुसला. बायकोनं त्यांच्याकडून तिथल्या तिथे सगळे आकडे जुन्यावर आणून घेतले, नवा कागद छापला, आणि दोघींनी मिळून तो ओळ न्‌ ओळ तपासला. मग मान उसवायला घेतली. उसवलेली लोकर गुंडाळायला कुणीतरी हवं होतं, आणि घरात रिकामे हात एकाचेच होते.

तर गुरुवारी दुपारभर मास्तर स्टुलावर बसून होते, दोन्ही हात पुढे, मनगटांवर पिवळ्या लोकरीचे वेढे. हात खाली केला की ताई नुसती बघायची, तो लगेच वर जायचा. दोघी शेजारी शेजारी बसून आळीपाळीनं विणत होत्या, टाके मोजत होत्या, आणि मास्तरांच्या लहानपणच्या एकेक भानगडी काढत होत्या. मास्तर गरीब गाईसारखे ऐकत होते.

चारच्या सुमाराला त्यांचं नाक खाजायला लागलं. पंधरा मिनिटं त्यांनी कळ काढली, मग खांद्यावर घासून बघितलं, जमेना. बायकोनं मान वर करून पाहिलं. ती उठली, विणायच्या सुईच्या बोथट टोकानं तिनं त्यांचं नाक नीट खाजवलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला हसू फुटलं.

"अजून डावीकडे?" तिनं विचारलं.