मला न बसलेली बोलणी

"कुठं बिघडलंय ते आधी दाखवा." विद्यार्थ्याने संगणकाच्या पडद्यावर कितीही सुंदर चित्र उभं केलेलं असो, आमचे सर चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत आणि हेच म्हणत. तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील, ज्यांना बरोबर उत्तराचं काही कौतुकच नसतं.

सर धारच्या जुन्या मराठी घरातले. देवासच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकवत. पडद्यावरचं कापड खऱ्या कापडासारखं कसं हलेल, कसं चुरगळेल, यावर त्यांनी उभी हयात संशोधन केलं. माझे वडील महाराष्ट्रातून देवासला कारखान्यात नोकरीला आलेले. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. शाळा हिंदीतून, मराठी वाचायला मला आजही वेळ लागतो. सर माझ्याशी मराठीत बोलले त्या दिवशी वाटलं, आपलं माणूस मिळालं.

मग नसरीन आली. धारकडच्या बाग गावची, ठप्प्यांनी कापड छापणाऱ्यांच्या घरातली. मला ती तिकडच्या रीतीने 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायची. तिचा प्रोग्राम सुरू केला की पडद्यावरचं कापड टराटरा फाटायचं. सर आनंदाने खुर्ची ओढून बसायचे.

"क्या फटा है! रुक, फिर से चला. किधर से फटा?"

"फटेगा ही ना सर. गीला कपडा एक कोने से उठाया है. घर में ऐसे उठाऊँ तो अब्बू जान ले लें."

"अरे अक्कल की दुश्मन, तो ये पहले क्यों नहीं बोली?"

तासभर भांडण चालायचं. मी शेजारच्या टेबलावर बसून ऐकायचो. माझं कापड कधी फाटलं नाही. म्हणजे फाटायचं, पण सर यायच्या आत मी ते सगळं पुसून टाकायचो. शाळेपासूनची सवय, चुकलेलं पान वहीतून फाडून टाकायचं. सर माझं काम पाहत, "चांगलं आहे हो" म्हणत आणि तिच्याकडे वळत.

खरं सांगतो, मी तिच्यावर जळायचो. तिच्या हुशारीवर नाही, तिला बसणाऱ्या बोलण्यांवर.

शेवटच्या वर्षी बंगळूरच्या एका संस्थेला संशोधनासाठी सरांनी एकाच विद्यार्थ्याचं नाव कळवायचं होतं. मार्क माझे जास्त. मी घरी सांगूनही टाकलं होतं. वडिलांनी नवी बॅग आणली. सरांनी नसरीनचं नाव पाठवलं.

धीर करून त्यांच्या खोलीत गेलो. "सर, मी कुठं कमी पडलो?"

"कमी नाही हो पडलात. पण तिथं रोज बिघडतं. बिघडल्यावर तुम्ही काय करता, ते मला ठाऊकच नाही. तीन वर्षांत एकदाही दाखवलं नाहीत." मग चष्मा पुसत म्हणाले, "चहा घेता?"

मी नको म्हटलं. त्या चहाची अजून रुखरुख वाटते.

पुढे त्यांनीच शब्द टाकला आणि देवासच्याच दुसऱ्या कॉलेजात मला शिकवायची नोकरी लागली. आज आमचं घर उभं आहे ते त्यांच्यामुळे. हे मी विसरत नाही. पण जळणंही गेलं नाही. त्यांच्या शोधनिबंधात नसरीनचं नाव दिसलं की मी पान उलटायचो.

यंदा सर गेले. तेराव्याला धारच्या घरी जेवणं झाल्यावर त्यांचे विद्यार्थी सतरंजीवर बसले. सरांनी कुणाला कसं झापलं ते जो तो सांगत होता, आणि सरांच्या पत्नी, आमच्या काकू, इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसत होत्या. त्या माझ्याकडे वळल्या.

"आणि तुला रे? तुला काय म्हणाले?"

माझ्यापाशी सांगण्यासारखं काहीच नव्हतं. सर मला कधी रागावलेच नव्हते.

"मला?" मी म्हणालो. "मला म्हणाले, गाढवा, हे कापड आहे की पत्रा? ऊठ, बाहेर दोरीवर टॉवेल वाळतोय तो तासभर बघ, मग तोंड दाखव."

सगळे हसले. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "अगदी त्यांचंच बोलणं."

नसरीन समोरच बसली होती. तीन वर्षं ती त्याच खोलीत होती. सरांनी मला कधी अरे-तुरेसुद्धा केलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी सतरंजीची दुमडलेली कड सरळ करू लागलो.

"हाँ काकू," ती म्हणाली, "भिया को तो सबसे ज्यादा पडती थी."