पावणेपाचची बेल

थर्मामीटर वाचताना माधवकाका गुडघ्यात वाकायचे. डोळा पाऱ्याच्या रेषेत यायला हवा म्हणून. पेन्सिल चाकूने तासायचे. कुणी ‘साधारण’ म्हटलं की ‘म्हणजे किती?’ विचारायचे. पेपरातलं राशिभविष्य कापून ठेवायचे आणि संध्याकाळी त्याला दहापैकी गुण द्यायचे. दोनच्या वर कधी दिले नाहीत. चहा गाळल्यावर चोथा गुलाबाला घालायचे, गुलाबाला त्याचा उपयोग होतो याला आधार नाही, असं सांगत. आणि पावणेपाचला बेल वाजली की दार उघडून एक पाऊल बाजूला सरकायचे. कुणाला तरी आत यायला वाट द्यावी तसे.

दारात कुणी नसायचं.

त्यांना जाऊन एकोणीस दिवस झाले. आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे चहा प्यायले होते. मला अजून ते नीट कळलेलं नाही.

माधव खांबेटे हवामान खात्यात छत्तीस वर्षं निरीक्षक होते. विश्रांतवाडीतल्या आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. एम. ए. झाल्यावर मला दुपारी काही काम नसायचं, म्हणून त्यांच्याकडे पेपर वाचायला जायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “विषय?”

“मराठी साहित्य.”

“म्हणजे पुराव्याशिवाय बोलायची पदवी. बस.”

सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा दरारा होता. आमचे सेक्रेटरी रावसाहेब रोज काहीतरी पुढे पाठवायचे. ग्रहणात शिजवलेलं अन्न विषारी होतं, असं एकदा पाठवलं. काकांनी खाली लिहिलं, “मी आत्ताच दोन थालीपीठं करून खाल्ली. उद्या सकाळी माझा मेसेज आला नाही तर हे खरं समजावं.” दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांचा मेसेज आला, “आहे.”

शालनकाकू शनिवार पेठेतल्या एका वाचनालयात काम करायच्या. रविवार सोडून रोज पावणेपाचला बसने परत यायच्या. पर्समध्ये किल्ली असायची. तरी बेल वाजवायच्या, एकदाच, तुटक. “दार उघडायला माणूस असताना किल्ली कशाला?” म्हणायच्या. काका उठेपर्यंत बाहेरून विचारायच्या, “अहो, वादळ मोजताय का?”

ती बेल काकूंनीच आणली होती, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून. बिनतारी. बाहेर बटण, त्यात सेल, आणि आत हॉलमध्ये वाजणारा पांढरा डबा. ती लावल्यावर जेमतेम वर्षभरात काकू गेल्या.

त्यानंतर चार महिन्यांनी, जूनमध्ये, पावणेपाचला बेल वाजली. दारात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काकांनी रजिस्टर आखलं. तारीख, वेळ, वाजली की नाही, कारण. आपण काय करतोय हे त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही.

“तुम्हाला काय वाटतं?” मी विचारलं.

“वाटण्याला किंमत नाही. नोंद ठेवतोय.”

पण त्या वेळी ते दोन कप चहा टाकायचे. दुसरा मला मिळायचा, थोडा थांबून, निवलेला.

कारण मला माहीत होतं. चौथ्या मजल्यावर नम्रताताई गणिताचा क्लास घेतात. जूनमध्येच सुरू केला. पावणेपाचची बॅच. त्यांची बेल त्याच दुकानातली, तसाच पांढरा डबा. मुलं वर बटण दाबतात आणि खाली काकांचा डबा वाजतो. आमच्या इमारतीत हे पूर्वीही झालं होतं. आणि ते कुणी शोधून काढलं होतं? काकांनीच. रावसाहेबांच्या घरी बेल आपोआप वाजायची, त्यांनी लिंबू-मिरची बांधली होती. काकांनी रावसाहेबांच्याच बटणातला सेल काढून, तरी शेजारचं बटण दाबलं की बेल वाजते हे दाखवलं होतं. “आता लिंबाचं सरबत करा,” म्हणाले होते.

मी बरेच दिवस काही बोलले नाही. मग एकदा रजिस्टर चाळताना दिसलं, की बेल न वाजलेले सगळे दिवस रविवार आहेत.

“काका, रविवारी क्लास नसतो.”

ते चष्मा पुसत म्हणाले, “रविवारी शालन तरी कुठे बाहेर जायची?”

त्यांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

दिवाळीत क्लासला सुट्टी होती. त्या दिवसांची पानं मी पाहिली. अकरा तारखा, पुढे काहीच नाही. मला त्यांनीच शिकवलं होतं की पाऊस पडला नाही तरी शून्य लिहायचं. कोरी जागा म्हणजे निरीक्षक झोपला होता.

“काका, शून्यं कुठे गेली?”

“झोप लागली असेल.”

“अकरा दिवस?”

ते हसले नाहीत. मी मग म्हणाले, आणि हे मी म्हणायला नको होतं असं आता रोज वाटतं, “तुमच्या बटणातला सेल काढा ना. रावसाहेबांकडे केलंत तसं. एका दिवसात कळेल.”

काकांनी दाराकडे पाहिलं.

“सेल काढला आणि तरी वाजली,” ते म्हणाले, “तर ती वरची बेल. म्हणजे शालन कधीच आली नव्हती.”

“हो.”

“आणि नाही वाजली, तर मी तिला बाहेर उभं केलं.”

खाली रिक्षा थांबली, कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून भांडलं, रिक्षा गेली.

“पण केलं पाहिजे,” ते म्हणाले. “बरोबर आहे तुझं. उद्या करतो.”

मला वाटायचं, ज्यांना तपासता येत नाही ती माणसं विश्वास ठेवतात. काकांना तपासता येत होतं. छत्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

बाराव्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना पावणेपाचला बेल वाजली. त्यांची मुलगी उत्कर्षा बंगळूरहून आली आहे. तिने दार उघडलं, जिन्यात डोकावली. “कुणाची तरी मुलं चाळे करतात,” म्हणाली आणि दार लावलं. ते इतक्या पटकन लागलं की मी उठून उभी राहिले. का, ते कुणी विचारलं नाही.

काल तिने मला रजिस्टर दिलं. “बाबा काय मोजत होते गं?”

“बेल,” मी म्हणाले.

आमचं बोलणं झालं त्या दिवसापासून प्रत्येक पानाच्या तळाशी पेन्सिलीने एकच ओळ आहे. ‘उद्या : सेल काढणे.’ शेवटच्या पानावरही आहे. रजिस्टरच्या मागच्या खिशात कागदाची एक पुडी होती, वर त्यांच्या अक्षरात ‘बटण, डावा स्क्रू’. आत एक बारीक स्क्रू.

मी दाराबाहेर जाऊन बटण पाहिलं. डावं भोक रिकामं होतं. उजवा स्क्रू अर्ध्यापर्यंत फिरवून तसाच ठेवला होता.