बाकावरची शेवंताबाई

शेवंताबाई गेल्याचं पत्र देवगडहून आलं, तेव्हा मी शाळेतून नुकतीच परतले होते. तिच्या मुलाचं अक्षर, चार ओळी. घरात कुणीतरी विचारलं, कोण होती ही? नात्याची नाही, गावची नाही... काय सांगणार?

ती भेटली त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. मसुऱ्याला आमच्या घरी चुलीतला निखारा माझ्या मनगटावर पडला आणि मला कळलंच नाही. कातडी करपल्याचा वास आला तो आईला. तिनं हात उजेडात धरला, फिकट चट्ट्यावर काटा टोचून विचारलं, "कळता?" मी नाही म्हटलं. त्या दिवसापासून माझं ताट वेगळं झालं. लग्नाची बोलणी कारण न सांगता थांबली. महारोग हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही, पण मी दिवसातून पन्नासदा बोटं वाकवून बघायची. विहिरीवर गेले की पाण्याकडे बघत उभी राहायची... आणि त्या बघण्याचीच मला भीती वाटायची.

बाबांनी सावंतवाडीच्या दवाखान्यात नेलं आणि स्वतः बाहेर, लांब वडाखाली बसले. आत बाकावर पस्तिशीची एक बाई होती, दोन्ही हातांची बोटं आत वळलेली. हेच आपलं पुढचं आयुष्य, असं वाटलं. मी बाकाच्या टोकाला सरकले. तिनं ते पाहिलं. मांडीवरच्या फडक्याची गाठ दातांनी सोडवत राहिली. सुटेना. शेवटी म्हणाली, "बाय, ही गाठ जरा सोडशीत?"

माझा हात उठेना. मग लक्षात आलं, वाढताना आईचा हातही माझ्या ताटाशी असाच अडतो. मी गाठ सोडली. आत भाकरी होती, तुकडे करून दिले. खाता खाता ती सांगत गेली. नवऱ्यानं तिला मुलापासून तोडून गोठ्यामागे खोपीत ठेवलं होतं. "माज्या झिलाक दोन वरसां बघूक गावाक नाय. धा वरसांचो आसा." मी रडले, आणि कितीतरी दिवसांनी स्वतःसाठी नाही. तिनं माझा चट्टा नीट पाहिला. "माका उशीर झालो. तुका नाय झालो. गोळये सोडू नको."

मी सोडल्या नाहीत. चार वर्षं आम्ही दर महिन्याला त्या बाकावर भेटलो. दर वेळी ती आधी माझी बोटं बघायची, मग स्वतःचं बोलायची. माझा चट्टा मिटत गेला, मी मास्तरीण झाले. तिचा रोग थांबला, बोटं तशीच राहिली. पण मुलगा मोठा झाला आणि आपणहून येऊन तिला घरी घेऊन गेला. भीती माझी पुरती गेलेली नाही... आंघोळीला बसले की अजून मनगट चाचपते.

तिचे दिवस झाल्यावर मी देवगडला गेले. सुनेनं चहा ठेवला. फळीवर एक पितळी पेला होता, त्याला जाड चिंध्या गुंडाळून शिवलेल्या. हाताला चटका कळत नसे म्हणून. "ह्यो सासूबायचो," म्हणत सून तो मागे सारू लागली.

"त्येच्यातच दे गो माका," मी म्हटलं.

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पेला विसळला, चहा ओतला. चिंध्यांवर वाकड्या बोटांचे खळगे पडलेले होते. त्या खळग्यांत बोटं बसवून मी सावकाश चहा प्यायले.