भाव चढू नये म्हणून

पांढरकवड्याकडच्या आमच्या गावात हिवाळ्यात सगळे देवाकडे एकच गोष्ट मागतात, कापसाला भाव चढू दे. त्या वर्षी अख्ख्या गावात मी एकटीच उलटं मागत होते. भाव चढू नये, कापूस घरातून जाऊ नये. मी अकरावीत होते. शेतकऱ्याच्या घरात जन्मून असलं मागणं मागते म्हणून स्वतःची लाज वाटायची, तरी मागायची.

भाव पडलेला असला की आमच्याकडे कापूस विकत नाहीत, घरात भरून ठेवतात. पुढची खोली आढ्यापर्यंत भरली की घरची माणसं मागच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात सरकतात. कापूस घरमालक आणि आम्ही भाडेकरू. कापूस फार दिवस राहिला की त्यात बारीक किडे होतात आणि सगळ्या घराला खाज सुटते. रात्रभर कूस बदलायची, सकाळी लाल डोळ्यांनी चहा प्यायचा, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. कापसाचं घर आहे, चालायचंच.

माझ्या दुखण्याला याहून चांगला आडोसा मिळाला नसता. माझी झोप खरं तर कापूस घरात यायच्या आधीच उडाली होती. मग जेवण बेचव झालं. कॉलेजच्या एसटीत मैत्रिणी हसायच्या तेव्हा मीही तोंड हसरं करायची आणि तेवढ्यानंच थकून जायची. पुस्तक उघडलं की तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही येत नव्हतं. आपण या घरावर ओझं आहोत, आपण नसलो तर सगळ्यांचं बरं होईल, असा विचार यायचा. सुरुवातीला त्या विचाराची भीती वाटायची. पुढे ती वाटेनाशी झाली, आणि ते जास्त वाईट होतं.

आई विचारायची, "काहून झोपली नाही वं?"

"खाज सुटते."

मग ती खोबरेल तेलात कापूर घालून माझे हातपाय चोळायची. "एकडाव कापूस जाऊ दे," म्हणायची, "सारं बरं होते."

जेवले नाही तरी खाज, एसटी चुकवली तरी खाज. शेजारपाजारच्या बाया उलट माझं कौतुक करायच्या, पोरगी किती शांत म्हणून. आई सुखावायची. शांत पोरगी म्हणजे गुणी पोरगी, असं आमच्याकडे सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. बांधावरचा धोंडाही शांत असतो, त्याला कोणी गुणी म्हणत नाही.

बाबा सकाळी चहा पिता पिता फोनवर भाव पाहायचे. त्या वेळी मी कपबशा विसळत त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. "थांबू अजून," असं म्हणाले की माझा जीव भांड्यात पडायचा. आणखी एक दिवस मला कोणी काही विचारणार नव्हतं. पण संक्रांतीनंतर भाव हलायला लागला. बाबांच्या चेहऱ्यावर उजेड दिसायचा आणि मी विसळलेल्या कपबशाच पुन्हा विसळायची. आणि एक दिवस ते म्हणाले, "उद्या गाडी बोलावतो."

कापूस गेला. आईनं खोली झाडली, कडुनिंबाचा धूर केला, गोधड्या उन्हात टाकल्या. बाबा बाजारातून जिलेबी घेऊन आले. घर एकदम मोठं झालं आणि मला लपायला जागा उरली नाही. बाकीच्यांची खाज चार दिवसांत गेली. मी मात्र नखांनी हात ओरबाडून लाल करत होते, कोणी विचारलंच तर दाखवायला काही असावं म्हणून. आता विचार केला की स्वतःचीच कीव येते. दुखणं खरं होतं आणि पुरावा मात्र मी खोटा तयार करत होते.

एका दुपारी आई तेलाची वाटी घेऊन आली. माझा हात उजेडात धरून तिनं उलटापालटा करून पाहिला. नखांचे ओरखडे सोडले तर काहीच नव्हतं. तिनं वाटी खाली ठेवली.

"कापूस तं गेला," ती म्हणाली. "आता काय हाय, सांग."

परीक्षेचं टेन्शन, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. तिनं ते मानलंही असतं. तिनं हात सोडला असता तर मी ते दिलंच असतं. पण ती हात धरून बसली होती.

"मले काहीच बरं वाटून नाही राह्यलं, आई," मी म्हणाले. "कायले जगाव, असं वाटते."

मला वाटलं, आता ही ओरडेल. किंवा छाती बडवून घेईल. ती तशीच बसली, फक्त तिची पकड घट्ट झाली, इतकी की माझी बोटं दुखायला लागली. मग मला रडू आलं. किती तरी दिवसांनी आलं.

बाबांना कळल्यावर ते म्हणाले, कोणाची तरी नजर लागली, केळापूरच्या देवीला नेऊ. आई म्हणाली, "देवीले हात जोडू. पण गाडी यवतमाळचीच धरू."

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरबाई मला विचारत होत्या आणि उत्तरं बाबा देत होते. बाईंनी त्यांना बाहेर बसवलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग दोघांना आत बोलावून म्हणाल्या, हा आळस नाही आणि नखराही नाही, आजार आहे, या वयातही होतो आणि उतरतो. गोळ्या हळूहळू लागू पडतील, मनानं बंद करायच्या नाहीत. हिला सध्या एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून हलवा. मला म्हणाल्या, "मधे वाईट दिवस येतील. त्या दिवशी लपवायचं नाही, एवढंच तुझं काम."

त्याच संध्याकाळी बाबांनी ती औषधं पोत्यात भरून दुसरीकडे हलवली. मला दिसू नये म्हणून ते मागच्या दारानं गेले. मला दिसलंच.

गोळ्यांनी जादू झाली नाही. पण झोप आली, मग भूक आली. आई मला रोज सकाळी शेतापर्यंत चालवत न्यायची. काही दिवस ठीक जायचे. मग हरभरा सोंगायच्या, कापणीच्या दिवसांत एका सकाळी डोळे उघडले आणि सगळं पुन्हा तसंच, छातीवर धोंडा. बाहेर सोंगणीच्या बाया आईला हाका मारत होत्या. हरभरा वाळून कडकडीत झाला होता, घाटे गळायला लागले होते, आणि अशा वेळी आमच्याकडे तापातसुद्धा कोणी खाडा करत नाही. आई हातात विळा घेऊन दारात उभी होती.

"बरी हायेस ना वं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तिचा दिवस मोडला नसता.

"आज नाही बरं," मी म्हणाले.

आई वळून बायांना म्हणाली, "तुमी व्हा पुढं. मी आज नाही येत."

"काहून वं? पोरीले ताप आला का?" एकीनं विचारलं.

मी श्वास रोखून पडून राहिले. हो म्हण आई, ताप आला म्हण. लग्नाच्या वयाला येत असलेल्या पोरीबद्दल असलं चव्हाट्यावर सांगत नसतात, गावभर होतं.

"ताप नाही," आई म्हणाली. "तिले मनाचं दुखणं हाय. यवतमाळचं औषध चालू हाय."

 पावलं वाजली, बाया गेल्या. आई आत आली आणि माझ्या उशाशी बसली. तेवढ्यात दार पुन्हा वाजलं. त्यातलीच एक बाई एकटी परत आली होती. ती उंबऱ्याशीच थांबली, तिनं मागे वळून रस्त्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ते डॉक्टरबाई कोणत्या दिवशी बसते वं?"