“कोन नेसन?” : मोहाडीच्या काकूची लुगडी घेऊन जिल्हाभर

कपडे दान करणं म्हणजे जगातलं सगळ्यात सोपं काम, असा माझा समज होता. गाठोडं बांधायचं, कॉलनीच्या गेटवर भोंगा लावलेली गाडी आली की त्यात टाकायचं आणि पुण्य मिळालं म्हणून चहा प्यायचा. मग मोहाडीहून काकूचा फोन आला.

“प्रशांतनं रविवारचं तिकीट काढलं. मी पुन्याले जाऊन राहिली. त्याच्याआंधी माही लुगडी कोनाच्या तरी हाती द्याची आहेत. गाडी घेऊन ये.”

मी म्हटलं, “काकू, आमच्याकडे दर महिन्याला गाडी येते, तिच्यात देऊ ना.”

“गाडी नेसते का लुगडं?” एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

माझे काका विणकर होते. ते जाऊन दोन वर्षं झाली. दर दिवाळीला मागावर उरलेल्या धाग्यातून ते काकूसाठी कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, एक लुगडं विणायचे. उरलेला धागा कधी पुरायचा नाही, म्हणून एक काठ लाल तर दुसरा जांभळा. काकू जन्मभर अशी दोन रंगांची फिरली आणि कोणी हसलं तर भांडली. आता प्रशांतच्या, म्हणजे तिच्या लेकाच्या फ्लॅटमध्ये तिच्या वाट्याला कपाटाचा एक खण आहे. भांडेवालीला द्यायची तिची तयारी नव्हती. “डब्बा भेटन. मंग मी डब्ब्याकडं पाहून रडू का?” लुगडी ठिकाणी लागली नाहीत तर मी गाडीत बसतच नाही, हे तिनं प्रशांतलाही ऐकवलं होतं.

शुक्रवारी सकाळी नागपूरहून निघाले. जातेच आहे तर आमच्या कॉलनीनं जमवलेलं गाठोडंही डिकीत टाकलं. भंडाऱ्यापर्यंत रस्ता मख्खन आहे. वरठीत मात्र कारखान्याची पाळी सुटायच्या वेळी शिरू नका, मोटरसायकली आणि सायकली गाडीच्या चारही बाजूंनी वाहतात. मी नेमकी तेव्हाच शिरले. स्टेशनाबाहेर तर्री-पोहे खाल्ले, वीस रुपयांत नाक आणि डोळे दोन्ही वाहायला लागले.

मोहाडीला काकू दारातच बसली होती. एका बाजूला गाठोडं, दुसऱ्या बाजूला पिशवी. पिशवीत तांदूळ, सुपाऱ्या, नारळ, हळद-कुंकवाचा करंडा.

“हे कशाला?”

“लुगडं का असंच फेकून देतेत? ओटी भरा लागते. तू भरजो.”

पहिला थांबा सिहोरा. तिकडच्या एका संस्थेचं पत्रक काकूच्या घरात आलं होतं, त्यावर हसऱ्या मुलांचे फोटो. तुमसर सोडलं की दोन्हीकडे कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि त्यात उगवलेली हिरवी लाखोळी. काकू प्रत्येक गाव लागलं की तिथल्या एखाद्या लग्नात जेवण कसं खारट होतं ते सांगत होती. पत्ता सापडला तो एका गोदामाचा. आत छतापर्यंत कपड्यांचे गठ्ठे, दोरीनं करकचून बांधलेले, आणि मधोमध वजनकाटा. एक गृहस्थ खुर्चीतूनच म्हणाले, “ठेवा तिथं.”

“कोन नेसन?” काकूनं विचारलं.

“गरीब लोक नेसतील, बाई.”

“कोन्ते गरीब? नाव सांगा.”

“अहो, गरिबाचं काय नाव असतं?”

“नाव नाई त लुगडंबी नाई,” असं म्हणून काकूनं गाठोडं काखेत मारलं. मी मात्र चिकाटीची. मुलांना भेटता येईल का, विचारलं. साहेब बाहेर आहेत. आम्ही थांबतो. साहेब दौऱ्यावर आहेत. कधी येतील? साहेबांचं काही सांगता येत नाही. तेवढ्यात एक व्यापारी आला आणि किलोचा भाव विचारू लागला. गृहस्थांना एकदम खोकला आला. मला असा संताप आला की मी त्यांना पाणी विचारायचं सोडून पत्रकाचे तुकडे करून काट्यावर ठेवले.

समोरच्या टपरीवर लाखोळीच्या डाळीचे वडे खातानाही काकूनं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. टपरीवाल्या बाईनंच विचारलं, “फसल्या का?”

“वाचलो,” मी म्हटलं.

“द्याचंच असन त एकोडीले जा. माही मावशी ऱ्हायते तिथं, एकट्या बायांच्या घरी. पन तिथली सिस्टर लय खडूस आहे. आनलेलं अर्धं वापस करते.”

“वापस करते?” काकूचा चेहरा उजळला. “मंग खरी असन.”

रात्री मोहाडीला परतलो आणि शनिवारी साकोलीवरून एकोडी. तलावाजवळ कौलारू घर, अंगणात वाळत टाकलेली लुगडी, ओट्यावर धान पाखडणाऱ्या सात जणी. सिस्टर म्हणजे रिटायर झालेली नर्स. तिनं राम राम व्हायच्या आत माझं कॉलनीचं गाठोडं सोडलं. बटणं तुटलेले शर्ट, विरलेल्या चादरी, कोणाचा तरी चमकीचा घागरा.

“माह्या बायांनी हे घालून नाचाचं का?” तिनं मला विचारलं. “परकर आना. ब्लाऊज मापानं शिवून द्या. चिंध्या आमच्याकडं पुष्कळ आहेत.” गाठोडं माझ्या मांडीवर परत आलं. अपमान झाला, पण मुकाट्यानं गिळला, कारण चमकीचा घागरा माझ्याच घरातला होता.

मग तिनं काकूचं गाठोडं सोडलं आणि तिथल्या तिथं बसून राहिली. बाया जवळ सरकल्या. टपरीवालीची मावशी कौसाबाई काठावर बोट फिरवत म्हणाली, “आता लगनाले जाता येईन वो. नेसाले धड नाई म्हनून कोनाच्या घरी जात नोतो आमी.”

काकूनं मला कोपरानं ढोसलं. “भर ओटी.” आणि स्वतः मागं, उंबऱ्याशी जाऊन बसली.

मी करंडा उघडला, तर कोणीच पुढं येईना. कौसाबाई हळूच म्हणाली, “पोरी, आमी साऱ्या बिनकुंकवाच्या. लुगडं दे, ओटी ऱ्हाऊ दे.”

“अशी कशी ऱ्हाऊ दे?” उंबऱ्यावरून काकू कडाडली. “माह्या मान्सानं विनलं ते. रिकाम्या हातानं जाईन का?”

“मंग तू भर! पोरीच्या मांगं काहून लपून बसली?”

“मीबी तुमच्यातलीच आहो.”

“मंग त बेसच झालं,” कौसाबाई म्हणाली. “कोनी कोनाले नावं ठेवाची सोय नाई.”

सगळ्या खो खो हसल्या, सिस्टरसुद्धा. काकू उठली. दोन वर्षांत तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, आमच्या घरच्या लग्नातसुद्धा ती मागच्या खोलीत भाजी निवडत बसली होती. तिचं पहिलं कुंकू कौसाबाईच्या भुवईवर गेलं. एकेकीची ओटी भरली, लुगडं दिलं, “काठ दोन रंगाचे आहेत, कोनी हासलं त भांडजो,” असं बजावलं. शेवटी कौसाबाईनं करंड्यात बोट बुडवलं. काकू नको नको म्हणत खाली पाहू लागली.

“वर पाय. नाकाले लागन.”

मी तलाव बघायला म्हणून बाहेर आले आणि रडून घेतलं. तलाव सुंदर आहे, असं नंतर कळलं.

दुपारी तिथंच भात आणि लाखोळीचं वरण जेवलो. भेटायला जाणार असाल तर न सांगता जा, कधीही जा, सिस्टरला तेच आवडतं. पण काही न्यायचं असेल तर आधी विचारून घ्या काय लागतं, आणि घागरा नेऊ नका.

संध्याकाळी काकूला घेऊन नागपूरला घरी पोचले. कॉलनीच्या ग्रुपवर “गाठोडं परत आलं आहे” असं टाकलं, तर तिघींनी ग्रुप सोडला. आता आम्ही उरलेल्या जणी परकर शिवायला टाकतोय. त्या रात्री मी कुकर लावत होते तेव्हा प्रशांतचा व्हिडिओ कॉल आला.

“आई, दिली का लुगडी? नीट चौकशी केली ना? हल्ली फार फसवतात. पावती घेतली का?”

काकूनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि फोन थेट कपाळाजवळ नेला. “हे पाय.”

पलीकडे प्रशांतनं फोन डोळ्यांजवळ नेला.

“दिसते का? का आनखी जवळ आनू?” काकूनं विचारलं.

“दिसतेय, आई,” प्रशांतचा आवाज बदलला होता.

“बरं मंग. पुन्याले असीच उतरीन. घ्याले ये.”