न मागितलेले मत

लिहिण्याचा आपल्याला काही अधिकार आहे, असे मला अजूनही वाटत नाही. तेव्हा हे धाडस वाचकांनी उदारपणे पदरात घ्यावे. काल हिंजवडीतल्या घरी कोथिंबीर निवडताना तिचा ओला, मातकट वास बोटांना लागला आणि पुष्कळ वर्षांपूर्वीची मंडईतली एक सकाळ आठवली.

माझे मामा तेव्हा एका लहानशा पक्षातर्फे विधानसभेला उभे होते. त्या पक्षाचा उमेदवार आमच्या भागातून कधीच निवडून आला नव्हता, म्हणून एकेका मतासाठी मामा दारोदार हिंडत. त्या दिवशी मीही बरोबर होते. कोथिंबिरीच्या गाळ्यापुढे त्यांनी हात जोडले, तोच विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "साहेब, अजून भवानी व्हायचीय. आधी काहीतरी घ्या, मग काय ते मागा."

मामांनी मुकाट्याने एक जुडी घेतली, नमस्कार केला आणि ते चालू लागले.

"अहो, मत मागायचं राहिलं की," बाईंनी मागून हाक दिली.

"आता कसं मागू?" मामा अवघडून म्हणाले. "खरेदी करून मत मागणं म्हणजे आमिष झालं."

"एका जुडीत मत विकणारी वाटले होय मी?" बाई हसू लागल्या.

मामा कानांपर्यंत लाल झाले, पण त्यांनी मत मागितले नाही. त्यांच्या त्या भाबडेपणाने मी तेव्हा वैतागले होते. आता मात्र मामा आठवतात ते तसेच, हातात जुडी घेऊन अवघडलेले, आणि फार जवळचे वाटतात. निवडणूक ते हरलेच. त्या बाईंच्या जागी आपण असता, तर ते न मागितलेले मत मामांना दिले असते का?